शाखा, फाटा आणि नाव : गाथेच्या मुंबईतील प्रतींविषयी

१८६९ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून तुकारामांच्या अभंगांच्या गाथेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, आणि १८७३ साली दुसरा. संपादन विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांचे, देखरेख शंकर पांडुरंग पंडित यांची, आरंभी जनार्दन सखाराम गाडगीळ यांनी इंग्रजीत लिहिलेले कविचरित्र, आणि खर्चासाठी सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या पुढाकाराने मुंबई सरकारकडून मिळालेले २४,००० रुपये. एवढा तपशील मराठीच्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरता ठाऊक असतो. आम्हांला येथे विचारायचा आहे तो प्रश्न मात्र परीक्षेत सहसा येत नाही. एकच काव्य चार ठिकाणी चार प्रकारे वाढलेले असताना, त्यांतले कोणते रूप 'गाथा' या नावाला पात्र, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा?

संपादकांपुढे मुख्यतः चार पोथ्या होत्या. एक देहूची, तुकारामांच्या वंशजांच्या घरातली. ती थोरले चिरंजीव महादेवबोवांच्या हातची, अशी घरची समजूत. दुसरी तळेगावची, त्रिंबक कासारांची. तिसरी पंढरपूरची, वारकऱ्यांच्या वापरातली. चौथी कडूसची, तुकारामांचे टाळकरी व लेखक गंगाराम मवाळ यांच्या घराण्याशी नाते सांगणारी. यांतली एकही पोथी कोणी फसवणुकीच्या हेतूने केलेली नव्हती. प्रत्येकीमागे तिला जपणारा, तिच्यावरून गाणारा, तिच्यात भर घालणारा एक समुदाय होता. सर्वांचा मूळ झरा एक, पण पोथीपोथीत अभंगांची संख्या वेगळी, क्रम वेगळा, आणि अनेक ठिकाणी शब्दही वेगळे.

या जुन्या प्रश्नाला गेल्या चाळीसएक वर्षांत एक अनपेक्षित शेजार लाभला आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्या शेजाऱ्याकडे डोकावून पाहावे असे आम्हांला वाटते. हा शेजार म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर, ज्याला 'ओपन सोर्स' असेही म्हणतात. अशा सॉफ्टवेअरची मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रामरांनी हाताने लिहिलेला कोड, सर्वांना खुली असते. ती कोणीही उतरवून घ्यावी, बदलावी, बदललेली प्रत दुसऱ्याला द्यावी, अशी परवानगी तिच्यासोबतच लिहून दिलेली असते. पोथीची परंपरा जे न बोलता करत आली, तेच येथे करारनाम्याच्या भाषेत नोंदलेले आहे. संहिता खुली, म्हणून तिला शाखा फुटणार. आणि शाखा फुटणार, म्हणून त्यांचे काय करायचे हे समुदायाला ठरवावे लागणार.

येथे दोन शब्द वेगळे ठेवणे सोयीचे होईल. मुख्य संहितेला धक्का न लावता एखादा नवा प्रयोग बाजूला करून पाहायचा आणि जमला तर मुळात परत मिसळायचा, यासाठी जी प्रत काढतात तिला त्या मंडळींत 'ब्रँच' म्हणतात. तिला आपण 'शाखा' म्हणू. परत येण्याचा इरादा नसलेली, स्वतःची वाट धरणारी प्रत म्हणजे 'फोर्क'. रस्त्याला जसा फाटा फुटतो तसा हा फाटा. (वेदांच्या शाखा हा शब्द आपल्याकडे मुरलेला आहेच, त्या शाखा मात्र या अर्थाने फाटेच ठरतील, कारण त्या पुन्हा एकत्र आणायच्या असे कोणाच्याही मनात नव्हते.) गंमत अशी की निघताना कोणती प्रत शाखा आणि कोणती फाटा, हे बहुधा काढणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. ते पुढे ठरते.

त्याचे सर्वांत बोलके उदाहरण 'जीसीसी'चे आहे. प्रोग्रामरने लिहिलेला कोड यंत्राला कळेल अशा रूपात उतरवणारा जो प्रोग्राम असतो त्याला कंपायलर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ साली जीसीसी हा मुक्त कंपायलर प्रसिद्ध केला, आणि मुक्त सॉफ्टवेअरची पुढची बरीचशी इमारत याच पायावर उभी राहिली. त्याची देखभाल फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने नेमलेल्या मोजक्या लोकांच्या हाती होती. ते सावध होते. पायाचा दगड हलवताना सावध असावेच लागते. परंतु बाहेरून आलेल्या सुधारणा महिनोन्महिने पडून राहू लागल्या. ज्यांच्या सुधारणा अडल्या होत्या त्यांनी आपापल्या प्रती काढल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला एकाच कंपायलरच्या अनेक प्रती निरनिराळ्या दिशांना वाढताना दिसू लागल्या. ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांतल्या काही मंडळींनी ठरवले की या विखुरलेल्या प्रती एका ठिकाणी आणून सर्वांसमक्ष काम करायचे. या प्रतीचे नाव ईजीसीएस. उच्चार करायचा 'एग्ज', म्हणजे अंडी. निर्णयासाठी एक सुकाणू समिती नेमली, आणि कोणा एका कंपनीचा तिच्यावर ताबा राहू नये अशी काळजी घेतली.

पुढची दोन वर्षे दोन कंपायलर शेजारी शेजारी वाढत राहिले. काम कोठे चालले आहे हे वापरणाऱ्यांना दिसत होते. अखेर एप्रिल १९९९ मध्ये फाउंडेशनने जीसीसीची अधिकृत देखभाल ईजीसीएसच्या समितीकडेच सोपवली, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये निघालेली २.९५ ही आवृत्ती जीसीसी या जुन्याच नावाने निघाली. फाटा खोड झाला, आणि खोडाचे नाव त्याने घेतले. ईजीसीएस काढायला कोणाची परवानगी लागली नव्हती, लागणारही नव्हती. लागली ती जीसीसी म्हणवून घ्यायला.

आमच्या मते या साऱ्या प्रकरणातली कळीची गोष्ट हीच आहे. समुदाय निर्णय घेतो तो शाखा निघावी की नाही याचा नव्हे. ती कोठून तरी निघतेच. निर्णय असतो तो परत घेण्याचा आणि नाव देण्याचा. कोड खुला असला तरी नाव खुले नसते, हे २००६ साली आणखी स्पष्टपणे दिसले. डेबियन या मुक्त प्रणालीच्या मंडळींनी फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये आपल्या गरजेचे बदल केले होते. असे बदल आमच्या संमतीवाचून आमच्या नावाखाली नकोत, असे मोझिलाने कळवले. डेबियनने बदल ठेवले आणि नाव सोडले. तोच ब्राउझर त्यांच्याकडे 'आइसवीझल' या नावाने २०१६पर्यंत नांदला.

आता देहूकडे परत वळू. परंपरा सांगते की सालोमालो नावाचे एक गृहस्थ तुकारामांचे अभंग घेऊन त्यांवर स्वतःची मुद्रा घालत, आणि त्याची खंत तुकारामांनी अभंगांतून बोलून दाखवली. शब्द घेण्याविषयी संतांची तक्रार नसावी. शब्द वाटण्यासाठीच होते. तक्रार नाव काढून टाकण्याची. पण गाथेच्या इतिहासात याच्या उलट प्रकारच फार मोठ्या प्रमाणावर घडला. अनेकांनी स्वतः रचना केल्या आणि त्यांवर 'तुका म्हणे' ही मुद्रा घातली. सालोमालोंनी तुकारामांचे काम स्वतःच्या नावावर केले; या अनामिकांनी स्वतःचे काम तुकारामांच्या नावावर केले. पहिल्याला आपण चौर्य म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणावे, याचे उत्तर मराठी समीक्षेने अजून नीट दिलेले नाही. 'प्रक्षिप्त' हा शब्द वापरला की काम भागते.

शाखा कायमची बंद करण्याचा एक थोर प्रयत्न आपल्याकडे झालेला आहे. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जुळवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद शेवटी जोडली. तुकारामांच्या वाट्याला असा एकनाथ आला नाही. त्यामुळे त्यांची गाथा दोनशे वर्षे वाढत राहिली, आणि तिला आवरण्याचा प्रश्न थेट मुंबईच्या छापखान्यांपुढे आला.

छापखान्याने नेमके काय बदलले, हे समजून घ्यायलाही संगणकाचा शेजार उपयोगी पडतो. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये 'गिट' ही व्यवस्था तयार केली. त्याआधीच्या व्यवस्थांत शाखा काढणे आणि त्याहून अधिक ती परत मिसळणे जिकिरीचे असे. गिटने ते क्षणाचे काम केले. परिणाम असा झाला की शाखा काढण्याला काही किंमतच उरली नाही, आणि सगळा भार पडला तो स्वीकारणाऱ्यावर. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पुस्तक हातात घेत नव्हती, तर त्यांनी तुपाची शाई केली अशी कथा आहे. तेथून चाळीस वर्षांच्या आत मजकुराची प्रत काढणे ही गोष्टच क्षुल्लक होऊन बसली. पूर्वी पोथी उतरवायला महिने लागत, आणि उतरवणारा त्या श्रमाइतकाच त्या पाठाला बांधलेला असे. आता एका दिवसात शेकडो प्रती निघणार होत्या. कोणता पाठ छापावा हा निर्णय एकदम जड झाला.

पंडितद्वयाने तो जबाबदारीने घेतला, यात शंका नाही. त्यांनी पोथ्या मिळवल्या, ताडून पाहिल्या, आणि आपल्या आधारांची हकिकत वाचकापुढे ठेवली. साडेचार हजारांहून अधिक अभंगांची ही प्रत पुढे मुख्य खोड ठरली. तिच्यात तुकारामांचे बंधू कान्होबा यांचे अभंगही त्यांच्या वेगळ्या मुद्रेसह आले आहेत, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. म्हणजे ज्याचे नाव वेगळे, त्याला वेगळ्या नावाने गाथेत जागा मिळाली. तथापि ही प्रत ठरवणाऱ्यांत होते कोण? इंग्रजी शिकलेले सुधारक विद्वान आणि पैसा देणारे परके सरकार. ज्यांच्या कंठात गाथा होती त्या वारकऱ्यांच्या पोथ्या या कामात वापरल्या गेल्या. वारकरी मात्र निर्णयाच्या बैठकीत होते असे म्हणता येत नाही.

म्हणूनच १८८९ सालची प्रत आम्हांला अधिक विचार करायला लावते. ती काढली तुकाराम तात्या पडवळ यांनी. मुंबईतले हे गृहस्थ जोतीराव फुल्यांच्या स्नेहातले, पुढे थिऑसॉफिकल सोसायटीत रमलेले. १८६१ साली त्यांनी 'जातिभेदविवेकसार' हे पुस्तक स्वतःचे नाव न घालता 'एक हिंदू' या सहीने प्रसिद्ध केले होते, आणि १८६५ साली त्याची दुसरी आवृत्ती फुल्यांनी काढली. नावाचे ओझे काय असते हे जाणणारा हा माणूस गाथेकडे वळला तेव्हा त्याने गाळण्याऐवजी गोळा करण्याचे धोरण धरले. त्यांच्या गाथेत आठ हजारांहून अधिक अभंग आहेत. इंदुप्रकाश प्रतीच्या जवळजवळ दुप्पट. जे जे 'तुका म्हणे' म्हणून लोकांत गायले जात होते, त्या साऱ्याला त्यांनी जागा दिली.

विद्वानांनी या प्रतीला फारसे मानले नाही, आणि पाठचिकित्सेच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. आठ हजार अभंग एका माणसाचे नव्हेत. आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. इंदुप्रकाश प्रतीत नसलेले ते तीन-साडेतीन हजार अभंग नाकारले गेले, ते एकेक वाचून, कारण देऊन नव्हे. ते नुसते मागे पडले.

अपाची या प्रसिद्ध सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मंडळींत मतदानाची एक रीत आहे. कोडमधल्या बदलाला अनुकूल असलेला अधिक एक लिहितो, विरोध असलेला उणे एक, आणि तटस्थ शून्य. एकाच सभासदाच्या उणे एकने बदल थांबू शकतो, पण एका अटीवर : त्याने तांत्रिक कारण दिले पाहिजे. कारण नसेल तर तो नकार नकारच नव्हे. ही छोटीशी अट आम्हांला सगळ्या मतदानापेक्षा मोलाची वाटते. डेबियनमध्ये २०१४च्या फेब्रुवारीत प्रणाली सुरू करणारा मूळ प्रोग्राम कोणता असावा यावर तांत्रिक समितीची मते चार विरुद्ध चार अशी पडली, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने 'सिस्टमडी'ची निवड झाली. नोव्हेंबरमध्ये सर्व सभासदांसमोर विषय पुन्हा आला. स्वतंत्र ठरावाची गरज नाही, असा कौल मिळाला. ज्यांना हे मान्य नव्हते त्यांनी त्याच महिन्यात 'देवुआन' हा फाटा जाहीर केला. भांडण कडवट होते. तरीही कोण कशासाठी हरले हे आज कोणालाही उघडून वाचता येते. हरलेल्याची बाजू निकालाच्याच कागदपत्रांत शिल्लक आहे.

गाथेच्या बाबतीत असे कागदपत्र नाहीत, पण निर्णय मात्र सतत होत राहिले, आणि ते एकट्या संपादकांनी घेतले नाहीत. गिरगावात प्रार्थना समाज १८६७ साली स्थापन झाला. रानडे आणि भांडारकर या समाजाच्या दोन्ही धुरीणांची तुकारामांवर निष्ठा. मूर्तिपूजा न मानणाऱ्या या समाजाने उपासनेसाठी अभंग निवडले ते अर्थातच आपल्या तत्त्वाला धरून. पंढरीच्या विटेवरच्या सावळ्या रूपाचे वर्णन करणारा तुकाराम तेथे मागे राहिला, आणि अंतःकरणशुद्धीचा आग्रह धरणारा तुकाराम पुढे आला. ही गाथेची शाखाच होती; पण ती नवी प्रत म्हणून कोणी छापली नाही आणि तिला वेगळे नावही दिले नाही, त्यामुळे तिच्यावर वाद झाला नाही. महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत आज जो तुकाराम शिकवला जातो, त्याच्यावर या गिरगावच्या निवडीची छाया किती आहे, हे एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

त्याच शहरात, परळ-लालबागच्या चाळींत, कोकणातून आणि घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांनी आपली भजनी मंडळे उभी केली. तेथे अधिकार होता बुवाचा आणि वहीचा. वहीत अभंग उतरवले जात ते गावाहून आणलेल्या पाठाप्रमाणे, कानावरून, चालीला सोयीचे पडतील अशा शब्दांत. छापील गाथेत वेगळा शब्द असला तर तो वहीत दुरुस्त होईलच असे नाही. चालीत बसलेला शब्द बदलणे म्हणजे दहा-वीस माणसांच्या जिभेवरचे वळण बदलणे, आणि ते मंडळाला पटले तरच होई. कीर्तनात मात्र स्थिती निराळी. कीर्तनकार आधारासाठी जो अभंग म्हणतो त्याला 'प्रमाण' म्हणतात, आणि प्रमाण म्हटले की ते कोठचे, हा प्रश्न येतोच. एकाच संप्रदायात भजनाची शाखा सैल आणि कीर्तनाची करडी, अशी ही सोय आहे. सॉफ्टवेअरवाल्यांनी प्रयोगाची शाखा आणि वापरासाठीची स्थिर शाखा अशी जी विभागणी केली, तिच्याहून ही फार वेगळी नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. १९१९-२०च्या सुमारास ठाण्याचे वि. ल. भावे यांनी संताजी तेली जगनाडे यांच्या वह्यांवरून 'अस्सल गाथा' प्रसिद्ध केली. यांत रूढ गाथेच्या मानाने अभंग बरेच कमी आहेत. पण तुकारामांच्या सोबत्याच्या हातचा पाठ, असा तिचा दावा. 'अस्सल' हा शब्द पाहावा : येथेही भांडण नावाचेच आहे. वारकऱ्यांत विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा रुजली. वारकरी शिक्षण संस्था १९१७ साली आळंदीत स्थापन करणारे ते हेच जोग. आणि १९५० साली, तुकारामांच्या निर्याणाला तीनशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने, मुंबई सरकारने पु. मं. लाड यांच्या देखरेखीखाली इंदुप्रकाश प्रतच पुन्हा छापली.

या शेवटच्या निर्णयाकडे पाहताना आमचे मन द्विधा होते. स्वस्त, नेटकी गाथा घराघरांत पोचली, हे मोठेच काम. पण ऐंशी वर्षांत तुकाराम तात्यांची भर आणि भाव्यांची काटछाट, अशा दोन परस्परविरोधी शाखा निघालेल्या असताना, त्यांतून काय घ्यावे आणि काय का घेऊ नये याचा हिशेब मांडण्याची संधी त्या वर्षी होती. ती न साधता जुन्या खोडावर सरकारी मोहोर उठली, आणि त्यानंतर 'गाथेत आहे' याचा अर्थ बहुतेकांच्या लेखी 'त्या गाथेत आहे' असा झाला. ईजीसीएसला दोन वर्षांत मिळालेले उत्तर तुकाराम तात्यांच्या प्रतीला मिळालेच नाही. होकारही नाही आणि कारण दिलेला नकारही नाही.

तिच्यातले जादा अभंग वेगळे काढून त्यांची सूची करणे हे एम.ए.च्या एका वर्गाला वर्षभरात झेपेल असे काम आहे. कोणती मुद्रा, कोणती क्रियापदे, कोणते पारशी-अरबी शब्द, कोणता विषय तुकारामांच्या काळाशी जुळतो आणि कोणता उघडच नंतरचा, एवढे जरी अभंगागणिक लिहिले, तरी पुरे. त्यांतला एखाददुसरा अभंग तुकारामांचा निघेल, बहुतेक निघणार नाहीत. जे निघणार नाहीत ते कोणातरी न्हाव्याचे, कुणब्याचे, माळणीचे असतील. त्यांनी आपले नाव मागे घेऊन तुकारामांचे लावले होते.